ज्ञानाला फुटलेले फाटे

पुस्तक वीस रुपयांचं होतं आणि विकणाऱ्यानं ते इतक्या तळमळीनं विकलं, की न घेणारा माणूस देशाच्या प्रगतीआड येतोय असं वाटावं. नारायणगाव मागं पडलं तसा तो गाडीत मधल्या वाटेत उभा राहिला, पाठ दांडीला टेकवली आणि एका दमात सुरू झाला. "बघा मायबाप, ताई, दादा! वीस रुपये, फक्त वीस रुपये! देशाचे राष्ट्रपती, जगातली लांब नदी, आभाळातले ग्रह, अंगातली हाडं, सगळं ह्यात! तलाठी व्हा, पोलीस व्हा, पीएसआय व्हा! घरात एक पुस्तक ठेवा, लेकराला साहेब करा!"

माझ्या लेकराला साहेब करायची वेळ टळून गेली आहे. ते सध्या पुण्यात दुसऱ्याच साहेबाचं ऐकतं. पण विक्रेता माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काका, माणसाच्या अंगात हाडं किती?" मी २०६ म्हणायच्या ऐवजी "दुखतात तेवढी मोजली आहेत" असं म्हणून बसलो. गाडी हसली. गाडी हसल्यावर पुस्तक घ्यावंच लागतं.

चौसष्ट पानं. इतिहास, निसर्ग, विज्ञान, धर्म आणि शासन असे पाच भाग. म्हणजे अख्ख्या विज्ञानाला तेरा पानं, धर्माला बारा. एवढ्यात आटपणारा धर्म मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मला ओतूरला बहिणीकडं जायचं होतं, म्हणून आळेफाट्याला उतरलो. ओतूरची गाडी समोर उभीच होती. पण समोर चहाची टपरीही होती. चहा बशीत ओतून दोन फुंकरा मारेपर्यंत गाडी निघून गेली. दोष गाडीचा नाही, फुंकरीचा.

"ओतूरची गाडी?" मी टपरीवाल्या मावशींना विचारलं.

"आत्ताच गेली. दुसरी येईलच."

हे आळेफाट्याचं सर्वमान्य उत्तर आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग इथं एकमेकांना आडवे जातात. त्यामुळं चारी दिशांची माणसं दिवसभर इथं उतरतात, बावरतात आणि दिसेल त्याला विचारतात. आणि दिसेल तो सांगतो. "माहीत नाही" हे शब्द मी फाट्यावर आजवर ऐकलेले नाहीत. माहीत नसलं तर माणूस हात थोडा जास्त लांब करून दिशा दाखवतो, एवढाच फरक. मराठीत फाटे फोडणं हा दुर्गुण मानतात. पण ज्या ठिकाणाच्या नावातच फाटा आहे, तिथं एका प्रश्नाला एकच उत्तर मिळालं तर ते गावाच्या लौकिकाला शोभेल का?

पुढची गाडी येईपर्यंत मी बाकड्यावर बसून पुस्तक उघडलं. "महाराष्ट्रात एकूण जिल्हे किती? उत्तर : ३५." हे मी मोठ्यानं वाचलं, ही दिवसातली दुसरी चूक.

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आबा बसले होते. उपबाजारात कांदा घालून आले होते. हातात विक्रीची पट्टी होती आणि तिच्याकडं ते दर दोन मिनिटांनी बघत होते, मधल्या काळात आकडा वाढला असला तर असावा म्हणून. ते म्हणाले, "पस्तीस कुठलं? सव्वीस हायेत."

"तीस," मी म्हणालो. हे मी बोललो नाही, माझी चौथीची तोंडी परीक्षा बोलली.

पलीकडं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पोरगा खांबाला टेकला होता. त्यानं कानातली वायर काढली, आमच्याकडं दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "छत्तीस."

बाकड्याभोवती चार महाराष्ट्र जमले होते. गंमत म्हणजे चारही खरे. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते, आबा त्या राज्यात शिकले. १९८१ साली सिंधुदुर्ग आणि जालना झाले, १९८२ साली लातूर आणि गडचिरोली. त्या तिसांवर माझी शाळा उरकली. मग मुंबई उपनगर, वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया अशी भर पडत ३५ झाले आणि तिथं हे पुस्तक छापून दमलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर आलं आणि पोराचे ३६ झाले. बैलाचं वय दातांवरून काढतात तसं मराठी माणसाचं वय जिल्ह्यांवरून काढता येतं, हे ज्ञान मात्र पुस्तकात नव्हतं.

"शिवनेरी जिल्हा करा म्हंत्यात," मावशी गाळणं आपटत म्हणाल्या. "तवा सदतीस व्हतील. मग ह्ये पोरगंबी म्हातारं."

नावांचंही तेच. पुस्तकात अहमदनगर होतं, २०२४ पासून ते अहिल्यानगर झालं. पण कंडक्टर आणि जीपवाले आधीपासून ओरडत आलेत ते "नगर, नगर, नगर!" नाव बदललं तरी आरोळीचं एक अक्षर हलवावं लागलं नाही. रस्त्यांचे क्रमांकही बदलले. नाशिक रस्ता ५० चा ६० झाला आणि कल्याण-नगर रस्ता २२२ चा ६१. पण "साठ नंबरनं जा" असं सांगणारा माणूस फाट्यावर अजून जन्माला यायचा आहे. इथं रस्ते नंबरानं नाही, हातानं ओळखतात.

ग्रहांवरूनही तेच झालं. पुस्तकात नऊ ग्रह होते. पोरगा म्हणाला, आठ, २००६ साली प्लूटोला काढलं. आबा म्हणाले, "नऊच. राहू-केतू धरून." नवग्रहांत प्लूटोला मुळात कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळं त्याच्या जाण्यानं आबांचं काही अडलं नव्हतं.

मी पान उलटून निसर्गाकडं गेलो. "महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? उत्तर : शेकरू."

शेकरू म्हणजे झाडाच्या शेंड्यावरून फिरणारी, तपकिरी झुपकेदार शेपटीची मोठी खार. भीमाशंकरचं अभयारण्य तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. शेजारच्याच डोंगरातली गोष्ट, म्हणून मी विचारलं, "आबा, शेकरू पाहिलंय का?"

"न्हाय."

"आणि बिबट्या?"

"आज का काल?"

मग टपरीवरच्या सगळ्यांनाच बोलायचं होतं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं बिबट्या. बारा महिने हिरवं, दाट, अंगावर कुणी येत नाही, भोवती कुत्री-शेळ्या. जंगलात ह्याहून जास्त काय असतं? मादी उसातच विते. तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून रात्री आईची वाट बघतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. इकडची माणसं त्याला बिबट्या म्हणायच्या आधी वाघच म्हणतात. दोन्ही वेगळे प्राणी आहेत हे त्यांना ठाऊक आहे, पण रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला निघालेल्या माणसाला प्राणिशास्त्राची सवड नसते. त्यात हसण्यासारखं फार नाही, हे सांगताना मावशींचा आवाज जरा खाली आला. मग आबांनीच तो वर उचलला. "राज्यप्राणी शेकरू असंल," ते म्हणाले, "पन राज्य त्याचं न्हाय."

ह्यावर मलाही काही सांगावंसं वाटलं. २००९ साली इथून नगरच्या बाजूला टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला होता. बाहेर काढल्यावर तो इतका शांत, की विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून आजोबा महामार्ग, रेल्वे, खाडी ओलांडत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याच्यावर पुढं चित्रपटही निघाला.

"टाकळीवरनं माळशेजला," मावशी हिशेब करत म्हणाल्या, "म्हंजी आपल्या फाट्यावरनंच न्येला आसंल की."

असेलही. तसं असेल तर आळेफाट्यावर कुणाला काही न विचारता बरोबर मुंबईला पोहोचलेला तो पहिलाच प्रवासी.

विज्ञानाच्या भागात प्रश्न होता, "महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण कुठे आहे? उत्तर : खोडद, जि. पुणे." पोरगा एकदम ताठ झाला. "तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप. चौदा मधे दाटीनं आणि सोळा तीन दिशांना, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात." एक श्वास न घेता सांगितलं. त्याला पैकीच्या पैकी.

"त्ये समदं खरं," आबा म्हणाले, "माझा मेव्हणा हाय खोडदला. पन तबकडीला पत्रा का न्हाय मारला? नुसती जाळी. सरकारनं पैसं वाचवलं काय?"

पोरगा गप्प. हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

पैसे वाचले, हे खरंच होतं. पत्र्याची एवढी तबकडी केली तर वारा तिला शिडासारखी ओढेल. मग तिला धरायला लोखंड किती लागेल! पण जाळीतून आकाशातल्या लहरी निसटत कशा नाहीत, हे कसं सांगावं? टपरीच्या खांबाला कांद्याची एक जाळीदार पिशवी टांगली होती. मी ती आबांपुढं धरली. "ह्यातनं वारा जातो?"

"जातो."

"कांदा?"

"कसा जाईल? भोकापरीस मोठा हाय."

"तसंच. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्या लांबलचक, वीतभर ते दोन-दोन मीटर. जाळीची भोकं बोटाएवढी. लाटेला ती भोकं कळतच नाहीत, ती जाळीवर आपटून मागं फिरते."

आबांनी पिशवी हातात घेऊन फिरवून पाहिली. "म्हंजी लाट म्हंजी गोळा कांदा."

"हो."

"मग गोल्टी, बारका कांदा?"

मी थक्क झालो. "गोल्टी निसटते. फार आखूड लहरी ह्या जाळीत सापडत नाहीत. त्या पकडायला दुसऱ्या दुर्बिणी लागतात."

"आस्सं," आबा म्हणाले आणि पट्टीकडं पाहून पुढं म्हणाले, "गोल्टीला कुठंच भाव न्हाय."

अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज ऐकायची तर कान अशा शांत जागीच लावावा लागतो. हे खोरं डोंगरांच्या आडोशाला, मोठ्या शहरांच्या गलक्यापासून लांब, म्हणून दुर्बीण इथं आली. तिच्या कानाजवळून पुणे-नाशिक रेल्वे जाणार म्हटल्यावर मार्गच बदलायची वेळ आली. आता इकडची माणसं म्हणतात, ज्या यंत्राला एवढं लांबचं ऐकू येतं, त्याला रेल्वेसाठी चाललेली आमची ओरड कशी ऐकू येत नाही? पण ओरड ही गोल्टीच. जाळीतून निसटते.

इतिहासाच्या भागात आम्ही फार वेळ घालवला नाही, कारण तो इथं फार आहे. शिवाजी महाराजांचा जन्म कुठं, ह्या एका प्रश्नाला फाट्यावर फाटा फुटला नाही. कधी म्हटल्यावर मात्र फुटला. पुस्तकात १९ फेब्रुवारी १६३० ही शासनानं मान्य केलेली तारीख, आबांच्या शाळेत १६२७ साल, आणि मावशींना तारीख नको, तिथीच हवी. "दोन येळा मिरवणूक निघती," त्या म्हणाल्या, "तेवढाच दोन येळा चहा खपतो."

"नाणेघाटातला शिलालेख कोणत्या राणीचा? उत्तर : नागनिका." सातवाहनांच्या ह्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे, गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, आणि हे आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. देशातल्या सगळ्यांत जुन्या अंकांपैकी हे अंक. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, शून्य नाही. पोरगा म्हणाला, "म्हणजे तेव्हा कुणाला शून्य मार्क पडत नसतील." घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. वर झाकण नाही आणि सुट्ट्या पैशांवरून भांडण झाल्याचा उल्लेख कुठल्या लेखात नाही.

त्याहून मागं जायचं तर बोरी. कुकडीकाठचं गाव. तिथं नदीच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आणि सोबत ज्वालामुखीची राख. ही राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. काही म्हणतात, छे, त्याहून कितीतरी पट जुनी. हे वाद शोधनिबंधांतून वर्षानुवर्षं चाललेत. मला फार बरं वाटलं. म्हणजे फाटे फोडायला विद्यापीठातली माणसंसुद्धा शेवटी आमच्या फाट्याजवळच येतात.

"पाव्हणं, एक मी इचारू?" मावशींनी कढईतून मासवडी काढून ताटलीत मांडता मांडता विचारलं. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळलेली, मग कापून रश्श्याबरोबर वाढलेली, जुन्नर-आंबेगावची खरी ओळख. "मासवडीत मासा किती?"

पोरानं सवयीनं पर्याय मागितले. मावशींना पर्याय माहीत नव्हते, त्यानं स्वतःच घातले. "अ, मासवडीत मासा असतो. ब, मासवडी शाकाहारी असते. फक्त अ, फक्त ब, अ आणि ब दोन्ही, यांपैकी नाही." मग बराच विचार करून म्हणाला, "फक्त ब." त्याच्यासाठी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची निवड कुठंही होवो, मासवडीवर तो चुकणार नाही.

धर्माच्या पानावर लेण्याद्री होतं. अष्टविनायकांतला डोंगरावरचा एकमेव गणपती, गिरिजात्मज. तीसेक बौद्ध लेण्यांतल्या सातव्या लेण्यात तो आहे. पायऱ्या तीनशेच्या आसपास; नेमका आकडा मोजणाऱ्याच्या दमावर. लेणी पुरातत्त्व खात्याकडं असल्यामुळं वर जायला तिकीट काढावं लागतं. म्हणजे बौद्धांचा विहार, हिंदूंचा देव आणि सरकारची खिडकी, सगळं एका तिकिटात. पुस्तकाचे पाच भाग पाडणाऱ्यानं लेण्याद्री बघितलेलं नसावं. इतिहास कुठं संपतो, धर्म कुठं सुरू होतो आणि शासन कुठं तिकीट फाडतं, हे इथं वेगळं काढता येत नाही.

पुढची ओतूरची गाडी यायला अजून तास होता. पोरगा आळ्याचाच निघाला. म्हणाला, "चला, रेड्याचं दर्शन घेऊन या. आणून सोडतो." मोटारसायकलवर आम्ही आळ्याला गेलो.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पैठणच्या धर्मसभेपुढं ज्ञानदेव म्हणाले, सगळ्यांत आत्मा एकच. सभेनं विचारलं, मग ह्या रेड्यात आणि तुझ्यात काही फरक नाही? आणि रेडा वेद म्हणू लागला. पुढं भावंडं आळंदीकडं निघाली, तेव्हा रेडाही बरोबर होता, आणि वाटेत आळ्याला त्यानं देह ठेवला अशी श्रद्धा आहे. तिथं त्याची समाधी आहे. लोक येतात, फुलं वाहतात, हात जोडतात.

मी पुस्तक चाळलं. प्रश्न होता. "रेड्यामुखी वेद कोणी वदवले? उत्तर : संत ज्ञानेश्वर." एवढंच. का वदवले हे चार पर्यायांत मावत नसावं.

समाधीशेजारी एक आजी नातीला गोष्ट सांगत होत्या. नात पहिली-दुसरीतली असेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, मग रेडा पास झाला का?"

आजी म्हणाल्या, "रेडा पास झाला गं. नापास झाले ते परीक्षा घेणारे."

पोरगा एकदम हसला, मग गप्प झाला. परतताना त्यानं कानात वायर घातली नाही. फाट्यावर मला उतरवून तो म्हणाला, "काका, पुस्तक ठेवू का मी?" मी म्हटलं, "जिल्हे ३५ आहेत त्यात." म्हणाला, "असू देत. आबांना देतो. सव्वीसवरनं पस्तीसवर तरी येतील."

आबा बाकड्यावरच होते, पट्टीतला आकडाही होता तिथंच. मी चहा सांगितला, ह्या वेळी फुंकर न मारता प्यायचं ठरवून. तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेले एक गृहस्थ धापा टाकत आले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि का कोण जाणे, मलाच विचारलं, "भाऊ, संगमनेरची गाडी?"

माझा उजवा हात आपोआप लांब झाला.

"आत्ताच गेली," मी म्हणालो. "दुसरी येईलच."